आवाजावर उठायचं नाही

तुमच्या पाठीला कधी एखाद्या हाताची वाट बघावी लागली आहे का?

शाबासकीच्या हाताची नाही. खेळातल्या हाताची. खो-खोमध्ये तुम्ही चौकोनात उकिडवे बसलेले असता. तोंड एका बाजूला. मागून तुमच्याच संघातली मुलगी धावत येते, तुमच्या पाठीवर हात टेकते आणि 'खो' म्हणते. दोन्ही एकाच वेळी व्हावं लागतं. मग तुम्ही उठून पळणारीच्या मागे सुटायचं आणि ती तुमच्या जागी बसणार. हात टेकला पण शब्द नाही, तर फाऊल. शब्द आला पण हात नाही, तरी फाऊल. साधा नियम आहे. तिसरीतल्या पोरालाही कळतो.

माझ्या पाठीला तो हात लागत नव्हता.

मी नववीत होते. नवरात्राचे दिवस. शाळा सुटल्यावर मैदानावर सराव चालायचा. भिवंडीजवळ, वळ गावाच्या पुढे, गोदामांच्या पट्ट्यात आमचं गाव. मैदानाच्या एका बाजूला शाळा आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना गोदामांचे निळे पत्रे. त्या दिवशी प्राची धावत आली, मी 'खो' ऐकलं, उठले आणि सुटले. अर्ध्या वाटेत जाणवलं की पाठीवर काहीच पडलं नव्हतं. वाटलं, घाईत राहिलं असेल.

पुढच्या वेळी मी थांबले. शब्द आला. हात आला नाही. मान वळवून बघितलं. तिचा पंजा माझ्या पाठीपासून दोन बोटं अलीकडे थांबला होता. हवेत. तापलेल्या तव्यापाशी थांबावा तसा.

"ऊठ ना," प्राची म्हणाली. "पळाली बघ ती."

मी उठले. पळणारीला बादही केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्राचीनंही वाजवल्या.

प्राची वाईट मुलगी नव्हती. हे लिहायला मला जड जातं, पण खरं आहे. संघात सगळ्यात वेगानं तीच धावायची. गणिताची वही मागितली तर द्यायची. तिच्या आजोबांची जमीन होती, त्या जमिनीवर गोदामं उभी राहिली आणि तिच्या वडिलांना गाव शेठ म्हणू लागलं. संघाच्या जर्सी शेठनं दिल्या होत्या. जर्सीच्या पाठीवर, बरोबर जिथं हात टेकायचा तिथं, पिवळ्या मोठ्या अक्षरांत त्यांच्या गोदामाचं नाव छापलेलं होतं.

त्या नावालाही तिचा हात लागत नव्हता. माझ्या अंगावर ते नाव होतं म्हणून.

सराव संपल्यावर मी जयवंतीजवळ गेले. जयवंती डोंगराखालच्या पाड्यावरची. शाळेत अनवाणी चालत यायची आणि अनवाणीच खेळायची. खांबावर सूर मारून गडी टिपणारी आमच्यात ती एकटी. ती मातीत बसून गुडघा पुसत होती.

मी विचारलं, "प्राचीचा हात तुला लागतो?"

ती हसली. "माझ्या पाठीवर काय काटं हायत का गो?"

"म्हणजे?"

"मना कधीच न्हाय लागत. आषाढापासनं. तुना आज कळलं?"

मला खरंच त्या दिवशी कळलं. कारण मला नवरात्र बसल्यापासून लागेनासा झाला होता. जयवंतीला तो कधी लागलाच नव्हता.

मी सरळ प्राचीला विचारलं. नळावर तोंड धूत होती.

"घरात घट बसलेत ना," ती म्हणाली. "माझा उपवास आहे. आजी म्हणते, नऊ दिवस बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही."

"मग सोनलला कशी शिवतेस?"

"सोनल काय बाहेरची आहे?"

तिनं हे चिडून म्हटलं नाही. पाणी ओलं असतं हे सांगावं तसं म्हटलं. मग जयवंतीकडे बघून म्हणाली, "आणि हिचं तर काय, ही रोज आंघोळ पण करत नाही."

जयवंती म्हणाली, "करते गो. वढ्यात. तुझ्या बाथरूममदी मावतो का वढा?"

दोन-तीन मुली हसल्या. प्राचीही हसली. मी नाही हसले.

आमच्या घरात पुस्तकं थोडी, पत्रकं जास्त. बाबा रिक्षा चालवतात. सभा असली की तिथून पत्रकं आणायचे, आणि संध्याकाळी मी ती विहाराच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचायची. समता, बंधुता, माणुसकी हे शब्द मला पाढ्यांसारखे पाठ होते. बायका ऐकायच्या, मान हलवायच्या. मला वाटायचं, अन्याय म्हणजे काहीतरी मोठं असतं. आग असते, लाठी असते. तो दोन बोटांएवढाही असतो, हे कुठल्या पत्रकात छापलेलं नव्हतं.

आम्हाला पूल ओलांडायचा होता. आमच्या संघाची ही बोली होती. तालुक्याचा अंतिम सामना जिंकला की जिल्ह्याच्या फेरीसाठी ठाण्याला जायचं, आणि ठाण्याला जायचं म्हणजे कशेळीचा खाडीपूल ओलांडायचा. आमच्या शाळेचा मुलींचा संघ आजवर पुलापलीकडे गेला नव्हता. दमलेल्या मुलीला आम्ही म्हणायचो, "काय गो, पूल ओलांडायचाय ना?" मग ती उठायची. प्राचीही हेच म्हणायची. तिचंही तेच स्वप्न होतं. म्हणून मी सरांकडे गेले. वाटलं, पुलासाठी तरी ते ऐकतील.

खेळाचे सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते.

"सर, प्राची हात लावत नाही."

"कुणाला?"

"मला आणि जयवंतीला."

त्यांनी मैदानाकडे बघितलं. प्राची बाटलीतून वरून पाणी पीत होती. सरांनी दोरी सोडली, परत गुंडाळली.

"नवरात्र आहे. घरचं असतं एकेकाचं. नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे."

"फायनल त्याच नऊ दिवसांत आहे, सर. फाऊल देतील."

"मग तुम्ही दोघी आवाजावर उठा." त्यांना उत्तर सापडलं होतं. चेहरा मोकळा झाला. "खो ऐकलं की उठायचं. हाताची वाट बघायची नाही. पंचांना तेवढं दिसत नाही. आपल्या मुलीला समजून घ्यायचं. टीमवर्क म्हणजे दुसरं काय असतं?"

टीमवर्क. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. समजून घेण्याचं काम आमच्याकडे आलं आणि हात न लावण्याची सोय तिच्याकडे गेली. त्या सगळ्याला टीमवर्क म्हणायचं.

आणि सरांनी खरंच सराव घेतला. बाकीच्या मुली खांबावर वळायचा सराव करायच्या तेव्हा आम्हा दोघींना वेगळं बसवायचे. मागून प्राची येणार, 'खो' म्हणणार, आम्ही उठायचं. पुन्हा. पुन्हा. चारेक दिवसांत सोनलचाही हात आमच्या पाठीवरून उचलला गेला. मग आणखी एकीचा. त्यांच्या घरी घट नव्हते. पण प्राची लावत नाही, मग आपण का लावायचा. पुढे बाकीच्यांचेही हात थांबले. नऊ जणींच्या संघात सात जणी पाठीनं खेळत होत्या आणि आम्ही दोघी कानानं.

सामना भिवंडीत होता. निजामपुऱ्याच्या बाजूला, एका शाळेच्या मैदानावर. टेम्पोतून उतरलो आणि आवाज आला. मैदानाच्या मागच्या गल्लीत कापड विणायचे लूम चालू होते. खटखट, खटखट, खटखट. एक नाही, रांगच्या रांग. बोललेलं ऐकू जायला तोंड कानाजवळ न्यावं लागत होतं.

जयवंतीनं आणि मी एकमेकींकडे बघितलं. आम्हाला आवाजावर उठायला शिकवलं होतं.

सामना सुरू झाला. समोर शहरातल्या शाळेचा संघ. त्यांची एक उंच मुलगी पाऱ्यासारखी निसटत होती. प्राची तिच्या मागे लागली, जयवंतीच्या पाठीमागे आली, 'खो' म्हणाली आणि बसायला वाकली. जयवंती जागची हलली नाही. तिला ऐकूच आलं नव्हतं. उंच मुलगी निघून गेली.

"बहिरी झालीस का?" सर रेषेबाहेरून ओरडले. हे मात्र लूमच्या आवाजातही सगळ्यांना ऐकू गेलं.

पुढच्या वेळी जयवंतीनं कान टवकारले. शब्द पडला आणि ती उठली. पंच शिट्टी वाजवत पुढे आल्या. बाई होत्या, बाहेरच्या तालुक्यातल्या. आमच्या गावातलं कोण कुणाचं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना फक्त हात दिसत होता.

"फाऊल. हात लागला नाही."

प्राचीनं मान खाली घातली. सर म्हणाले, "मॅडम, लागला होता."

"नाही लागला."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. जयवंतीच्याच पाठीवर. पुन्हा शिट्टी. सरांनी डोक्याला हात लावला आणि बोट रोखलं. प्राचीकडे नाही. जयवंतीकडे.

"ही लवकर उठते. हात पडायच्या आधीच उठते. पाड्यावरून उचलून आणलं, चार गोष्टी शिकवल्या, तरी जंगली ती जंगलीच. चल, बाहेर ये."

मैदानाभोवती माणसं होती. आमच्या गावातून आलेली होती. शेठ स्वतः उभे होते, फोनवर सामना टिपत होते. आमच्या वर्गातल्या मुलींच्या आया होत्या. तो पंजा हवेत थांबलेला सगळ्यांनी बघितला होता. कुणीही काही बोललं नाही.

जयवंती उठली. रेषेवरून चालत बाहेर गेली. पाण्याच्या पिंपाजवळ भिंत होती, तिथं बसली. पाठ भिंतीला टेकवून. तिच्या जागी दुसरी मुलगी आली.

तिनं रडायला हवं होतं, असं मला वाटलं. ती रडली नाही. ती सरांकडे बघत होती. आपलं काय चुकलं ते सर परत एकदा सांगतील, अशी वाट बघितल्यासारखी.

खेळ चालू झाला. माझं तोंड लूमच्या गल्लीकडे होतं. उंच मुलगी माझ्या समोरून गेली. मागून पावलं आली. प्राचीची पावलं मला ओळखू यायची.

"खो."

हात आला नाही.

मी उठले नाही.

"खो!" ती जवळजवळ कानात म्हणाली. "ऐकू येत नाही का? ऊठ ना."

मी मागे न बघता म्हणाले, "हात ठेव."

"काय?"

"हात ठेव. मग उठते."

बाहेरून आरडाओरडा सुरू झाला. ऊठ, ऊठ, ऊठ. सरांचा आवाज. सोनलचा आवाज. माझ्याच संघातल्या मुली बसल्या जागेवरून ओरडत होत्या. उकिडवं बसून पाय आधीच भरून आलेले असतात, आणि शरीराला उठायचीच सवय लावलेली असते. आवाजावर उठायची. मी बोटं मातीत रोवली आणि बसून राहिले.

समोर ती उंच मुलगी थांबली होती. तिला पळायची गरजच उरली नव्हती. कमरेवर हात ठेवून धापा टाकत ती माझ्या डोक्यावरून मागे बघत होती. प्राचीच्या हाताकडे.

मला मागचं दिसत नव्हतं. पण प्राचीचा श्वास ऐकू येत होता. ती घाबरली होती. मला वाटलं, ठेवेल. आत्ता ठेवेल. माझ्या पाठीची कातडी त्या जागी गोळा झाली होती, त्या पिवळ्या अक्षरांखाली. त्या क्षणी तिनं हात ठेवला असता तर मी वाऱ्यासारखी सुटले असते. तिच्यासाठी सुटले असते. तिच्याबद्दलचं सगळं विसरून.

ती पुढच्या चौकोनाकडे धावली. तिथं तिनं सोनलच्या पाठीवर हात टेकला. टेकल्याचा आवाज मला आला.

आम्ही हरलो.

टेम्पोत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. जयवंती बसली. सोनल मोठ्यानं म्हणाली, "हिच्या तोऱ्यापायी पूल गेला." कुणीतरी म्हणालं, "यांना सगळ्यात तेच दिसतं." प्राची टेम्पोत नव्हती, ती वडिलांच्या गाडीतून गेली. जाताना तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. तिनंही पूल गमावला होता, आणि तो कशानं गेला हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले. "जर्सी जमा करा." मग दाराशी जाऊन वळले. "तुम्ही दोघी धुऊन आणा."

सगळ्या एकाच मातीत लोळल्या होत्या. घाम सगळ्यांना आला होता. धुवायची आम्ही दोघींनीच.

जयवंतीनं ओढ्यात धुतली. दगडावर घासून घासून पिवळी अक्षरं थोडी उडाली. घडी करून आणली तेव्हा सरांनी हनुवटीनं कोपरा दाखवला. "तिकडे वेगळी ठेव." तिनं ठेवली.

मी धुतली नाही. मातीची, घामाची, होती तशी नेली. टेबलावर बाकीच्या जर्सींचा ढीग होता. वरच्या चार उचलल्या, माझी मध्ये घातली, चार परत वर ठेवल्या. सर बघत राहिले. मी म्हणाले, "आता ओळखून काढा."

त्या दिवसापासून मी संघात नव्हते.

आई शेठच्याच गाळ्यात पॅकिंगला होती. सोमवारी सुपरवायझरनं तिला गेटवरूनच परत पाठवलं. म्हणे, "मावशी, काम कमी आहे." ती घरी आली आणि भरलेला डबा ओट्यावर ठेवला. मला वाटलं, आता बोलेल. तिनं एवढंच विचारलं, "शेवटाला तिनं हात ठेवला का?"

"नाही."

"मग बसून राहिलीस ते बरं केलंस."

दुपारी आम्ही तिघांनी तो डबा वाटून खाल्ला. बाबा काहीतरी विनोद करायला गेले, तो कुणालाच हसवेना. तीन महिने आई घरी होती. शेजारणी तिला सांगायच्या, पोरीला जाऊन माफी मागायला लाव. ती ऐकून घ्यायची आणि घरात आल्यावर त्यातला एक शब्दही मला सांगायची नाही. मला ते बाहेरून कळायचं.

दिवाळीनंतर जयवंतीची माणसं वीटभट्टीवर गेली. दरवर्षी जायची. पण आधी ती आजीजवळ पाड्यावर राहायची, कारण संघ होता, सराव होता. त्या वर्षी तिला मागे ठेवायला काही कारण नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी भट्टी शोधत गेले. खाडीच्या अंगाला होती. जयवंती उन्हात वाकून कच्च्या विटा उलटत होती. कोपरापर्यंत चिखल.

"आलीस गो? शाळेनं धाडलं?"

"नाही. माझी मीच आले."

ती पुढची वीट उलटायला लागली. मीही वाकून उलटायला लागले. माझ्या हातून पहिलीच वीट तुटली. ती हसली. "ऱ्हाऊ दे. माझी मजुरी कापतील."

मग अख्खी ओळ उलटून झाल्यावर म्हणाली, "सर काय बोलले?"

"कशाबद्दल?"

"मी लवकर उठले न्हाय. तुना तर म्हाईत हाय."

"मला माहीत आहे."

"मंग सरांना सांग ना."

"सांगितलं मी. ते ऐकत नाहीत."

"परत सांग."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. घामानं भिजलेली, उन्हानं तापलेली पाठ होती. ती क्षणभर ताठ झाली. सवयीनं. उठायला निघाल्यासारखी. मग परत विटांवर वाकली.

मी सरांना परत सांगितलं. त्यांनी विचारलं, "अजून तेच धरून बसलीस?" मी म्हणाले, हो.

जयवंती शाळेत परत आली नाही. पुढच्या पावसाळ्यात पाड्यावर गेले तर आजी म्हणाली, तिला दिली. कुठं दिली? लांब. दुसऱ्या भट्टीवरच्या माणसाला. त्यानंतर ती मला दिसलेली नाही. खांबावर सूर मारताना तिचा अंगठा आधी मातीत रुतायचा आणि मग सगळं अंग हवेत जायचं. तसा सूर मी नंतर कुणाचा पाहिला नाही.

ती उंच मुलगी मला दहावीनंतर ज्युनिअर कॉलेजात भेटली. शबाना. राहायला निजामपुऱ्यात, वडील लूमवर. माझ्या बाकावर येऊन बसली आणि नाव विचारायच्या आधीच म्हणाली, "तू वोही है ना, जो उठी नहीं?"

मी मान हलवली.

"मैंने देखा था. हाथ हवा में था." मग मराठीत म्हणाली, "मी बोलले नाही तेव्हा. आम्ही जिंकत होतो ना."

तिच्या तोंडून हे ऐकलं आणि इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा रडू आलं. घराबाहेर कुणी माझ्या बाजूनं बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. ते समोरच्या संघातून आलं.

आता मी एका गोदामात शिफ्टला जाते. पार्सल स्कॅन करते. रविवारी ड्युटी नसते. त्या दिवशी गोदामांच्या मागच्या मोकळ्या जागेत शबाना आणि मी मुलींना खो-खो शिकवतो. आमच्या वस्तीतल्या येतात, पाड्यावरच्या येतात, निजामपुऱ्यातल्या येतात. गावातल्याही दोघी येतात, घरी न सांगता.

पहिले दोन रविवार कुणालाही पळू देत नाही. नुसतं बसायचं आणि मागून येणारीनं हात टेकायचा. पूर्ण पंजा. बोटांची टोकं चालत नाहीत. एक छोटी म्हणाली, "दीदी, गुदगुल्या होतात." शबाना म्हणाली, "होने दे. गुदगुली फाऊल नहीं है."

मग मुलींना हळूहळू कळतं, ते मला माझ्या शाळेच्या मैदानावर कुणी कळू दिलं नव्हतं. हात म्हणजे नुसता नियम नसतो. हात उजव्या खांद्याकडे पडला तर पळणारी उजवीकडे गेलीय. जोरात पडला तर ती अगदी जवळ आहे. बसलेल्या मुलीला मागचं काही दिसत नाही. पाठ हेच तिचे डोळे. ज्या संघात हात टेकत नाही, त्या संघात अर्ध्या मुली आंधळ्या बसलेल्या असतात. त्या दिवशी आमची हार नशिबामुळे झाली नव्हती. लूममुळेही नाही. आम्ही संघ नव्हतोच. एका रंगाच्या जर्सी घातलेल्या दोन वस्त्या होतो.

गेल्या वर्षी या मुलींनी तालुका जिंकला. गाडी कशेळीच्या पुलावर चढली तेव्हा सगळ्या ओरडल्या. मी खिडकीतून खाडीकडे बघत होते. काठावर कुठं भट्टीचा धूर दिसतो का, ते बघत होते. ठाण्यात पहिल्याच सामन्यात हरलो. मुली रडल्या. मी त्यांना गप्प केलं नाही. एकत्र हरल्यावर एकत्र रडता येतं, हेही आमच्या वाट्याला आलं नव्हतं.

आणि तुम्हाला वाटत असेल की इथं गोष्ट संपली, तर नाही. ठाण्याहून आल्यावर एक बाई मला भेटायला आल्या. माझ्याच वस्तीतल्या. विहारात माझ्या शेजारी बसणाऱ्या. मी पत्रकं वाचायची तेव्हा मान हलवणाऱ्या. त्यांची मुलगी आमची सगळ्यात चपळ पळणारी.

"ताई, एक सांगू का? माझ्या पोरीला त्या पाड्यावरच्या पोरीशेजारी बसवू नकोस. केस बघितलेस तिचे? त्या लोकांचं कसं असतं, तुला माहीतच आहे."

मला माहीत होतं. दोन बोटांचं अंतर मला कुठूनही ओळखू येतं. माझ्या माणसांनी ठेवलेलं असलं तरी.

मी म्हणाले, "मावशी, तुमची मुलगी खेळायची तर तिच्या शेजारीच खेळेल. नाहीतर घेऊन जा."

त्या घेऊन गेल्या. या वर्षी आम्ही तिच्याशिवाय तालुक्याला उतरलो आणि पहिल्याच फेरीत हरलो. पूल गेला. मला त्या मुलीची रोज आठवण येते, आणि त्या बाई पुन्हा आल्या तर मी पुन्हा हेच सांगेन. एक पूल काय, सगळे गेले तरी चालतील. माझ्या संघात हात टेकल्याशिवाय कुणी उठणार नाही. आणि हात टेकायचा नसेल त्या मुलीनं, त्या मुलीच्या आईनं, त्या शेठनं, त्या सरानं माझ्या मैदानावर पाय ठेवायचा नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गावात, तुमच्या पोरांच्या शाळेत कुठंतरी आज संध्याकाळी सराव चालू असेल. जा. रेषेजवळ उभे राहा. कोण जिंकतं ते बघू नका. हात बघा. एखादा पंजा एखाद्या पाठीपाशी येऊन हवेत थांबला, तर घरी गेल्यावर हळहळू नका. तिथंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, "हात लागला नाही."

जयवंतीसाठी त्या दिवशी रेषेबाहेरून हे एवढं वाक्य कुणी बोललं नव्हतं. तुम्ही बोला.